समक्ष पाहून

पाकीट उघडलं आणि पुढं काय करायचं ते कुंडलिकच्या बोटांना कळेना. एरवी त्याची बोटं त्याच्यापेक्षा शहाणी. अठरा वर्षं विडी कारखान्याच्या या शाखेत खिडकीमागच्या ओट्यावर बसून तो बायांनी घरी वळून आणलेल्या विड्या तपासत आला होता. पंचवीस विड्यांचा कट्टा तळहातावर घेतला की अंगठा आपोआप फिरे, पोकळ विडी, फाटकं पान, सैल दोरा हुडकून बाजूला काढी. त्याला बाया छाट म्हणत, आणि छाट काढणाऱ्या कुंडलिकला काय काय म्हणत ते त्याच्या कानावरही येई. पण आज पाकिटात विड्या नव्हत्या, फोटो होते. सरकारचा नवा कायदा आला होता. विडी कामगारणीला ओळखपत्र, त्यावर फोटो, आणि ते दाखवलं की दवाखान्यात तपासणी नि औषध. उद्या सरकारी साहेब येऊन कार्डांवर शिक्के मारणार होते. फोटोंच्या पाठीवर शिसपेन्सिलीनं नावं होती, आणि तळाशी वेगळ्या कागदात गुंडाळलेले तीन फोटो होते, ज्यांची पाठ कोरी होती.

कोरी का, ते त्याच्या लगेच ध्यानात आलं. हलीमाबी, मैमूना आणि शहरबानू, म्हणजे कारखान्यात सगळे जिला बानूबी म्हणत ती, या तिघी बुरख्यातल्या. त्यांचे फोटो फोटोवाल्यानं काढले नव्हते. आतल्या खोलीत कॅमेरा लावून दिला होता आणि कळ दाबली होती त्याच्या बायकोनं. तिला कळ दाबता आली, नाव लिहिता येत नव्हतं. नवऱ्यानं फोटो धुतले, वाळवले, पण कुणाचा कुठला ते त्याला कुठून ठाऊक? फोटो धुताना तो बघणारच, हे कुंडलिकनं बानूबीला आधीच सांगितलं होतं. ती बुरख्याच्या जाळीआडून म्हणाली होती, "धोबी कपडे धोताय भाई, पैनताय थोडी."

नावं विचारायला काशम्मा होती, मागच्या बाजूला पानं भिजवत बसलेली. ती बानूबीच्याच गल्लीत राहायची, तिघींच्या चुलीपर्यंत तिची ये-जा. हाक मारली असती तर हात पुसत आली असती आणि एका दमात तीन नावं सांगून गेली असती. पण कुंडलिकनं हाक मारली नाही. त्याला वाटलं, चौदा वर्षं जिच्या विड्या या हातातून गेल्या त्या बानूबीला आपण ओळखणार नाही? काशम्माला विचारायचं म्हणजे आपली चौदा वर्षं फुकट गेली असं कबूल करायचं. दुपारची वेळ होती, पत्रे तापले होते, ओल्या पानांच्या गोणपाटांचा आणि तंबाखूचा वास नाकात चढत होता. त्यानं तिन्ही फोटो टेबलावर उताणे मांडले आणि मग, उगाचच, दाराकडं बघितलं.

पहिली हसत होती, कॅमेऱ्यामागची बाई काहीतरी बोलली असावी. दुसरीचे गाल आत गेलेले, नजर थेट, जणू तीच कॅमेऱ्याचा फोटो काढत होती. तिसरीनं हनुवटी जराशी वर उचलली होती, आणि तिथंच कुंडलिकची नजर अडली. ही हनुवटी त्यानं पाहिली होती. कुठं, ते आठवायची गरजच नव्हती. त्याच्या ट्रंकेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, माळशिरसकडच्या एका जत्रेत काढलेला फोटो होता. मागं पडद्यावर रंगवलेली मोटार, पुढं खुर्चीवर पागोटंवाला आज्जा, बाजूला बा, आणि कडेला उभी त्याची आई, बजाबाई. फोटोवाल्यानं काळ्या फडक्यात डोकं घातलं तेव्हा आज्जा म्हणाला होता, घरातल्या बाईचं तोंड परक्याच्या डब्यात कशाला? बा म्हणाला, निघू द्या की, पोरगं बी हाय संगं. दोघांची हुज्जत झाली. सासऱ्यासमोर आईचा पदर नाकाखाली असायचाच, तो त्या दिवशी आणखी बोटभर खाली आला. तुला काय वाटतं, असं तिला कुणी विचारलं नाही. फोटोत ती आहे खरी, पण पदराखालची हनुवटी आणि सहा वर्षांच्या कुंडलिकच्या खांद्यावर ठेवलेला हात, एवढीच. पुढच्या वर्षी ती गेली. तोंड हळूहळू पुसलं गेलं. आता आठवायला गेलं की पदर दिसतो, हनुवटी दिसते, जात्याच्या खुंट्यावरचा हात दिसतो, आणि पहाटेचा आवाज येतो,

पदराआड दिवा गं, वाऱ्याला ठावं न्हाई
उजेड पडला तितं, लेकाला दावी आई

आणि लेकाला काही दिसत नाही.

त्यानं गोंदाची बाटली घेतली आणि तिसरा फोटो बानूबीच्या कार्डावर चिकटवला. अंगठ्यानं दाबला. उरलेले दोन, हसरी ती मैमूना असणार, दुसरी हलीमाबी, असं ठरवून लावून टाकले. तिन्हींच्या खाली छापील ओळ होती, 'समक्ष पाहून खात्री केली'. तिच्याखाली त्यानं आपली वळणदार सही ठोकली. शाई वाळेपर्यंत मनात एक समाधान होतं, कट्टा छाटीशिवाय गेला की होतं तसं. शाई वाळल्यावर ते राहिलं नाही. समक्ष म्हणजे काय, ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

पण पाहिलं नव्हतं असंही कसं म्हणायचं? चौदा वर्षांमागं ती पहिल्यांदा खिडकीशी आली तेव्हा काळ्या बुरख्यातून फक्त दोन हात बाहेर आले होते, आणि कट्टा त्याच्या तळहातावर पडताच अंगठा अडखळला होता. विडीचा दोरा उलटा. सगळ्या बायांचा दोरा उजवीकडं वळतो, हिचा डावीकडं. डावखुरी होती. विडीचं तोंड मुडपतानाही शेवटची घडी ती आत दाबायची, पाहुण्याला दिसू नये म्हणून अंथरुणाचं टोक गादीखाली सारावं तशी. त्या दिवशी त्याला एकही छाट मिळाली नाही आणि त्याचा त्याला जरा रागच आला. बहात्तरच्या दुष्काळात एकदा तिच्या कट्ट्यांचे दोरे सरळ निघाले. तो म्हणाला, "बानूबी, ह्या तुमच्या हातच्या न्हाईत." जाळीआड खोकला झाला. "बेटी के हैं भाई. मेरेकू बुखार था. चलते नै क्या?" विड्या सैल होत्या, नियमानं निम्म्या जायला हव्या होत्या. त्यानं कट्टे ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी कट्ट्यांवर दोन विड्या जास्तीच्या होत्या, उलट्या दोऱ्याच्या. हे सगळं पाहणं नव्हे तर काय?

तो खोकला मात्र गेला नव्हता. गेल्या दोन वर्षांत खिडकीशी आधी तो येऊ लागला, मग ती येई. कार्ड तिला त्या खोकल्यासाठी हवं होतं. फोटोची बातमी पसरली तेव्हा गेल्या महिन्यात कारखान्याच्या दारात केवढी गर्दी झाली होती. एक भाषण करणारे गृहस्थ आले होते, भले होते, तळमळीनं बोलत होते, की माणूस चंद्रावर गेला आणि तुम्ही अजून या काळ्या पिशवीत, फेकून द्या ती, कायदाच आता तुमची सुटका करतोय. त्यांच्याच शेजारी बानूबीचा थोरला दीर उभा. तो म्हणत होता, आमच्या घरच्या बाईचा फोटो निघणार नाही, औषधावाचून मेली तरी चालेल. दोघं एकमेकांशी तावातावानं बोलत होते आणि बानूबी दोघांच्या मधोमध, हातात तंबाखूची पिशवी घेऊन. कुंडलिक खिडकीतून बघत होता आणि त्याला एकाएकी रंगवलेली मोटार आठवली होती. त्याला वाटलं, आता हिचाही पदर बोटभर खाली येणार.

तसं झालं नाही. बानूबी आधी खोकली, पोटभर खोकली, दोघं थांबेपर्यंत खोकली. मग म्हणाली, "एक बोलताय निकाल, एक बोलताय नक्को निकाल. मेरेकू कोन पूछ्या?" तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मेरी अम्मा मिल में खुल्ले मूं जाती थी. घर में किसी के पास बुरखा नै था. ये मैं ली. सोला बरस की थी, अपने कमाई से ली. इसमें से मेरेकू सोब दिखताय, मैं किसकू दिखना वो मैं देखती." मग दिराकडं वळून, आवाज खाली आणून, "भाईजान, कार्ड मेरेकू होना. बुरखा बी मेरेकू होना. दोनो मेरे हैं. औरत फोटो निकालेगी तो मैं निकालती." आणि भाषणवाल्या गृहस्थांना, "साब, आप जरा सरको. धूप में खड़े हैं." काशम्मा फस्सकन हसली, बाया हसल्या, गृहस्थ खरोखरच सावलीत सरकले. कुंडलिकला त्या रात्री जेवण गेलं नाही. आईला असं बोलता आलं असतं तर ती काय म्हणाली असती, हे तो अंथरुणावर पडून जुळवत राहिला. कदाचित म्हणाली असती, काढा फोटो. कदाचित नकोच म्हणाली असती. तेच तर त्याला ठाऊक नव्हतं, आणि आता कधी कळणारही नव्हतं.

शिक्के मारायच्या दिवशी सकाळी मिलचा भोंगा झाला तेव्हा तो आधीच ओट्यावर होता. साहेब तरुण होते, घामाघूम, शिक्क्याची पेटी काखेत. बाया रांगेनं आल्या, कार्डं घेत होत्या, स्वतःचा फोटो बघून तोंडाला पदर लावत होत्या. "अय्यो, कुंडलिकराव," काशम्मा म्हणाली, "ह्यात मी माझ्या सासूवानी दिसायली. बदलून द्या की दुसरं तोंड." साहेबसुद्धा हसले. मग तिघी आल्या. बानूबीनं कार्ड हातात घेतलं, जाळीजवळ नेलं, आणि तसंच धरून राहिली. तिची बोटं थांबलेली कुंडलिकनं कधी पाहिली नव्हती. काशम्मानं तिच्या खांद्यावरून मान घातली आणि तिचं हसू अख्ख्या शाखेत फुटलं.

"अग्गाई! ही तर हलीमा! बानू, तुला हलीमाचं तोंड लावलं की गं ह्या बाबानं!" मग मैमूनाचं कार्ड ओढून, "आणि ही–"

"काशे," बानूबी म्हणाली. एवढंच. काशम्मानं जीभ चावली आणि कार्ड पालथं घातलं.

हसणं विरलं. साहेबांनी पेटी खाली ठेवली. "कुंडलिकराव, इथं लिहिलंय काय? समक्ष पाहून खात्री केली. सही कुणाची?"

"माझी."

"पाहिलं होतं तुम्ही?"

कुंडलिकनं आपल्या सहीकडं बघितलं. त्याला सांगायचं होतं, दोरा पाहिलाय, घडी पाहिलीय, खोकला ऐकलाय. पण छापील ओळीत यातलं काही बसत नव्हतं. "न्हाई साहेब," तो म्हणाला. "चूक झाली. विचारायला पाहिजे होतं, ते विचारलं न्हाई."

साहेब वाईट माणूस नव्हते, पण खोटी सही त्यांच्या डोळ्यांदेखत होती आणि वर त्यांचीही सही व्हायची होती. ते म्हणाले, "आता माझ्याकडं दोनच रस्ते आहेत. या तिघींनी इथं चेहरा दाखवावा, मी फोटोशी ताडून बघतो. नाहीतर तिन्ही कार्डं परत जातील, आणि पुढची फेरी दिवाळीनंतर." दिवाळीनंतर म्हणजे सात महिने. बानूबीच्या खोकल्याला सात महिने. कुंडलिकनं मान खाली घातली. बुरखा उचलला जाणार, किंवा बाई तशीच खोकत घरी जाणार, आणि दोन्ही त्याच्यापायी, आपल्याला विचारायची गरज नाही असं त्याला वाटलं म्हणून. आज्जाला नि बाला वाटलं होतं तसंच.

बानूबी खोकली. मग म्हणाली, "साब, आपका कायदा क्या बोलताय? मेरा मूं आप देखना बोलके लिखेला है? के कोई बी देखना?"

साहेबांनी कार्ड उलटसुलट केलं. "ओळखणाऱ्यानं देखना. कारखान्यातल्या कुणीतरी."

"काशम्मा कारखाने की नै क्या?"

"आता बघा!" काशम्मा पदर खोचत पुढं झाली. "साहेब, वीस वर्षं हितल्या विड्या वळाय लागले मी. हिच्या दोन्ही बाळंतपणाला मीच होते. हिचं तोंड मला न्हाई ठाव तर कुणाला?"

साहेब विचारात पडले. मग म्हणाले, "सही येते?"

"अंगठा येतोय. माझा अंगठा कधी खोटा पडला न्हाई. ह्यांची सही पडली," आणि तिनं कुंडलिककडं हनुवटी केली. साहेबांनी रुमालानं मान पुसली. "चालेल," ते म्हणाले.

फोटो मात्र चिकटलेले होते. कुंडलिक नखानं कोपरा उचलायला गेला तर कागद फाटू लागला. "नक्को भाई," बानूबी म्हणाली. पानांवरचं ओलं गोणपाट तिनं उचललं, पिळलं, आणि तिन्ही कार्डं त्यात गुंडाळून पानांसारखी दडपून ठेवली. कोरडं पान कात्रीखाली तडकतं, ओलावा धरलेलं मुकाट वळतं, हे तिच्या हातांना रोजचं होतं. थोड्या वेळानं फोटो आपसूक सुटून आले. तिघी काशम्माला घेऊन पानांच्या थप्पीमागं गेल्या. तिकडून कुजबूज आली, मैमूनाचं हसणं आलं, "तू बुढ्ढी दिखती गे," असं काहीतरी आलं. साहेब पंख्याकडं बघत बसले. कुंडलिक भिंतीकडं तोंड करून बसला. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं.

परत आल्या तेव्हा काशम्माचा अंगठा निळा होता. बानूबीनं आपलं कार्ड साहेबांपुढं स्वतः उघडून ठेवलं. "देखो साब. ये कायदे कू दी मैं." साहेबांनी पाहिलं, नजर चटकन शिक्क्याकडं नेली आणि शिक्का मारला, जरा हळूच मारला. खाली कुंडलिकची जुनी सही खोडून, काशम्माच्या अंगठ्याचा साक्षीदार म्हणून, नवी व्हायची होती. कार्ड त्याच्याकडं सरकलं तेव्हा त्यानं थप्पीवरचं एक पान उचललं आणि फोटोवर ठेवलं. मग पानाच्या कडेखाली सही केली. सही वाकडी आली. जाळीआडून कुणीतरी आपल्याकडं बघतंय हे त्याला मान न वर करता कळलं.

बाया पांगल्या. साहेब गेले. बानूबी रेंगाळली. कार्ड तिनं छातीशी कुठंतरी ठेवून दिलं होतं.

"भाई. हलीमाच क्यूं?"

तिनं रागावून विचारलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. पण तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यानं सांगितलं. जत्रा सांगितली, पडद्यावरची मोटार सांगितली, आज्जा नि बाची हुज्जत सांगितली. "हनुवटी तेवढी दिसती बघा फोटोत. आणि हात. तेवढ्यावरनं मला वाटलं, बानूबी म्हणजे अशीच असणार. म्हातारी म्हणून न्हवं," तो घाईनं म्हणाला, कारण बानूबी त्याच्याहून सात-आठ वर्षांनी लहान असावी. "ते कसं सांगू आता."

बानूबीनं हातातली पिशवी फळीवर टेकवली. बाहेर यंत्रमागांची खडखड चालू होती.

"अम्मा का नाम?"

"बजाबाई."

"उनकू बी कोई नै पूछ्या."

"न्हाई."

तिनं तंबाखूची पिशवी उचलली. खिडकीच्या फळीवर तिचा डावा हात एक क्षण टेकला, पानाच्या रसानं काळपटलेली बोटं, तर्जनीवर दोऱ्यानं पडलेला बारीक वळ. "तो रैने दो," ती म्हणाली. "तुमच्या मनात माझं तोंड तेच असू द्या. मैं बोली इसके वास्ते. मेरा मेरे पास है."

ती गेली. खोकल्याचा आवाज गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिला. त्या संध्याकाळी कुंडलिकनं राहिलेल्या दोन फोटोंची तोंडं आठवून पाहिली, खरं तर आठवत नाहीत ना एवढंच तपासायला. एकीचं हसू होतं, एकीची नजर होती, आणि दोन्ही पाण्यात पडलेल्या सावलीसारखी हलत हलत फुटत होती. त्यानं ती फुटू दिली. ट्रंक उघडून त्यानं जत्रेचा फोटो बाहेर काढला. पदराखालची हनुवटी जराशी वर उचललेली होती. इतकी वर्षं त्याला वाटत आलं होतं की आई पदराआड दडली होती. आज पहिल्यांदा वाटलं, ती तिथून बघत असेल. सासऱ्याला, नवऱ्याला, काळ्या फडक्यातल्या माणसाला, सगळ्यांना नीट बघत असेल.

आठ दिवसांनी बानूबी खिडकीशी आली ती दवाखान्याचा कागद आणि लाल औषधाची बाटली पिशवीत घेऊन. खोकला होता तसाच, पण दवाखान्यातली बाई म्हणाली होती म्हणे, वेळेत आलीस. तिनं कट्टे फळीवर ठेवले. कुंडलिकनं पहिला उचलला, अंगठा फिरवला. उलटा दोरा, आत दाबलेली घडी. मग अंगठा थांबला. एक विडी पोकळ होती. शेजारची दुसरी सैल. आजारपणातल्या हातांच्या होत्या त्या. त्यानं बोटं मागं घेतली आणि कट्टा तसाच बाजूला ठेवायला गेला.

"क्या हुआ?" जाळीआडून आवाज आला, आणि त्यात हसू होतं. "अब अम्मा के कट्टे में से छाट नै निकालेगा क्या बेटा? निकाल, निकाल. मैं सोब देख रहीं."

मागं काशम्मा खिदळली. कुंडलिकचे कान तापले. त्यानं कट्टा परत हातात घेतला, दोन्ही विड्या उपसल्या आणि तिला दिसतील अशा फळीवर ठेवल्या.

"दोन," तो म्हणाला.

"हौ," बानूबी म्हणाली, "दोनच थे," आणि पुढचा कट्टा त्याच्या तळहातावर ठेवला.